समुद्रावरचा झिरा

आबांची नजर जायला दोन वर्षं लागली आणि मला रजा मिळायलाही दोनच. खरं म्हणजे रजा मागायची मला भीती वाटायची. घरी मात्र मी सांगायचो, "या महिन्यात तिकडची हवा बरी नसते." सोलापुरात, गिरणीच्या कचेरीत बसून मी कोकणच्या हवेविषयी असा ठाम बोलायचो, की जणू तिकडचा वारा मला विचारूनच सुटतो.

आबा म्हणजे माझे वडील. मूळचे सांगोल्याकडचे, जन्मभर गिरणीत मागावर. काचबिंदू झाला तेव्हा डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही. आबांनी एकच मागितलं, "समुद्र दाव लेका. येवढं पाणी एकदा डोळ्यानं बघू दे."

शेवटी चार दिवसांची रजा मिळाली. कुर्डुवाडीहून अरुंद रुळांची छोटी गाडी, मग मोटारीनं घाट, आणि शनिवारी तिसऱ्या प्रहरी आम्ही दोघं रत्नागिरीच्या अलीकडच्या एका सुन्या किनाऱ्यावर उतरलो. धर्मशाळा आबांना नको होती. पाण्याजवळच राहायचं. म्हणून तंबूसारखं ठोकायला मांजरपाटाच्या कापडाचं पाल बरोबर घेतलं होतं.

"आबा, आला बघा समुद्र."

त्यांनी तोंड वर केलं. "पल्याडचा काठ कुटं हाय?"

"काठ नाही."

"आसल की! आंधळा मी का तू?"

समोर नुसतं करडं पाणी होतं. दोन वर्षं थांबवलेल्या माणसाला एवढंच कसं सांगायचं? मी म्हटलं, "तीन होड्या चालल्यात, आबा. मागच्या होडीचं शीड तांबडं आहे."

"हां," आबा म्हणाले.

मग पाल ठोकायला जागा शोधली. आमच्या माण नदीच्या कोरड्या पात्रात ओली वाळू दिसली की खाली गोडं पाणी असतं. तिथं हातभर खड्डा खणायचा, झिरा पाझरतो. मी शहाण्यानं पाण्यालगतची सगळ्यात ओली वाळू निवडली, पाल ठोकलं आणि दाराशीच झिरा खणला. लगेच पाणी लागलं. ओंजळभर प्यालो आणि तोंड फिरवून थुंकलो. पण आबांना म्हटलं, "जरा निवळू दे."

आबा आत पाय पसरून बसले होते. थोड्या वेळानं म्हणाले, "लेका, पाय वले झाले."

"झिरा भरून वाहतोय," मी ऐटीत सांगितलं.

तेवढ्यात टोपली घेऊन चाललेली एक कोळीण ओरडली, "अहो, भरती येतेय! म्हाताऱ्याला बुडवायला आणलंत काय?"

पुढच्या लाटेनं भाकऱ्यांचं गाठोडं नेलं. मी एका हातानं आबांना धरलं, दुसऱ्या हातानं पाल ओढलं आणि तोंडघशी पडलो. गुडघाभर पाण्यात उभे राहून आबा हसत होते. मागाच्या खडखडाटात वर्षं काढलेल्या त्या माणसाला मी एवढं मोठ्यानं हसताना कधी ऐकलं नव्हतं.

रविवारी दिवसभर ते पाण्याकडे तोंड करून बसले. उठताना मी विचारलं, "दिसलं ना, आबा?"

"दिसलं की. लई झ्याक."

मी तेवढ्यावर खूश झालो. नजर पुरती जायच्या आत पोचलो, असं समजून स्वतःची पाठही थोपटून घेतली.

सोलापूरला आल्यावर एका संध्याकाळी मी कचेरीतून परतलो, तर ओट्यावर शेजारीपाजारी जमले होते. आबा सांगत होते, "पल्याड काठच न्हाय. आन् पाण्यावर तीन होड्या. मागलीचं शीड तांबडं, कुंकवावानी. ह्या डोळ्यांनी बघितलं."

मी चपला हातात घेऊन तसाच उभा राहिलो. शेजारच्या काकूंनी माझ्याकडे वळून विचारलं, "खरंच का रे तांबडं?"

काकूंचा प्रश्न ऐकून आबांचं तोंड माझ्या दिशेनं वळलं होतं.

"तांबडंच," मी म्हणालो. "आधी मला दिसलंच नव्हतं. आबांनीच दाखवलं."