रिटायर झालेला ब्रश

सौंदडला आमच्या गल्लीत एक पाट्या रंगवणारा पेंटर राहतो. झिजलेला ब्रश तो टाकत नाही. "रिटायर झाला," एवढंच म्हणतो आणि त्याच ब्रशनं सायकलच्या चेनला तेल लावतो, शिलाई मशीन झाडतो. मला या चिकटपणाची चीड यायची. शेवटी मीच नवा ब्रश आणून दिला.

भाताच्या रोवणीचे दिवस होते. त्याच्या बायकोच्या पायांना चिखल्या झालेल्या. तिचे पाय मांडीवर घेऊन तो धुतलेल्या जुन्या ब्रशनं बोटांच्या बेचक्यांत मोहाचं तेल लावत होता.

"आता तं तो फेका," मी म्हणालो.

त्यानं नवा ब्रश आधी स्वतःच्या गालावर फिरवून पाहिला.

"काऊन फेकू जी? नवा भिंतीले चालते. इले टोचते."