पहारेकऱ्यांचे डोळे

ऑफिसातून घरी येईपर्यंत डोळे चुरचुरायला लागतात, तरी मी टेबलावरच्या लढाईच्या खेळातले बोटभर सैनिक रंगवायला बसते. काल टर्पेंटाइनची बाटली उघडली आणि त्या वासासरशी एकलहऱ्याच्या वीज केंद्रातलं आमचं क्वार्टर आठवलं.

दिवाळीचा किल्ला होता. बाबांनी मातीत प्लँटमधली राख कालवली होती, त्यामुळे कडे अगदी खऱ्यासारखे करडे दिसत होते. बॉयलरवर नाइट करून ते सकाळी आले आणि चहासुद्धा न घेता मातीचे मावळे रंगवायला बसले. डोळे मात्र त्यांनी नुसत्या एकेका रेघेवर उरकले.

"बाबा, पहारेकरी झोपलेत सगळे!" मी चिडले.

"झोपू दे गं. त्यांचीपण नाइट झाली असेल."

मला ते मुळीच पटलं नाही. काडीच्या टोकाने मी एकेका मावळ्याचे डोळे टक्क उघडे केले. तोवर बाबा हातात ब्रश धरूनच भिंतीला टेकून झोपले होते.

काल माझ्याही हातून सैनिकाच्या डोळ्यांच्या जागी तशीच रेघ उमटली. ती मी पुसली नाही.

त्या सकाळी मात्र, उघडे डोळे दाखवायला, मी बाबांना हलवून हलवून उठवलं होतं.