गंगारामभाऊंच्या बाजूचा डॅशबोर्ड

प्रेमला राऊत गाडी चालवायला शिकल्या त्या पन्नाशी उलटल्यावर, आणि तेही हौसेने नाही. नवऱ्याच्या, म्हणजे गंगाराम यांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. यापुढे स्टिअरिंगला हात लावायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. घरची गाडी एकतर विकायची किंवा दुसऱ्या कुणीतरी चालवायची, एवढंच उरलं. प्रेमलांनी माणिकपूरच्या ड्रायव्हिंग क्लासमध्ये नाव घातलं. तेव्हापासून वाडीतला सोनचाफा बाजारात पोचवणं, गंगारामांना डोळ्यांच्या दवाखान्यात नेणं आणि शेजारच्या ग्लोरियाला गुडघ्याच्या व्यायामासाठी सोडणं, हे सगळं त्यांच्याकडे आलं.

गंगाराम डावीकडच्या सीटवर बसू लागले. वसईच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळून निवृत्त झालेला माणूस, तो गप्प कसला बसतो!

"क्लच सोड. अगं, हळू! रिक्षा येतेय."

रिक्षा त्यांना दिसत नसे, नुसती ऐकू येत असे. तरी सूचना चालूच.

घरापर्यंतची वाट अरुंद, त्यामुळे गाडी वाडीच्या तोंडाशी उघड्यावर उभी असायची. एका उन्हाळ्यात डॅशबोर्ड तडकला. डाव्या बाजूला वीतभर बारीक भेग पडली. एवढ्याने काही बिघडलं नसतं, पण ती गंगारामांच्या बोटांना सापडली. गाडी सुरू झाली की त्यांचं नख भेगेत. कड उचलायची, आतला पिवळा फोम कुरतडायचा. दिवाळीपर्यंत भेगेत बोट जाऊ लागलं, कडा वर वळल्या आणि प्रत्येक गतिरोधकावर तिथून करकर आवाज येऊ लागला.

"अहो, हात काढा तिथून."

"मी काय केलं?"

"मांडीवर बघा काय सांडलंय."

"मला कुठे दिसतंय?" असं ते म्हणत.

गॅरेजवाल्याने सांगितलं, या मॉडेलचा नवीन डॅशबोर्ड आता येत नाही. जुना शोधावा लागेल, सगळं पुढचं खोलावं लागेल. त्याने जो आकडा सांगितला तो ऐकून प्रेमला परत आल्या आणि घरीच करायचं ठरवलं. गाडी इतकी जुनी की तिच्यात एअरबॅग नव्हती, त्यामुळे तिथे काही चिकटवायची भीती नव्हती.

पहिल्यांदा त्यांनी नळाची गळती बुजवायला वापरतात ती दोन रंगांची लांबी, म्हणजे पुटी, आणली, मळली, भेगेत दाबून भरली. सुकल्यावर वरून काळा रंग मारला. छान दिसलं. चार दुपारी ऊन खाल्ल्यावर लांबीच्या दोन्ही बाजूंनी नव्या भेगा पडल्या. उन्हात डॅशबोर्ड फुगत होता, लांबी मात्र दगडासारखी तशीच.

"मी म्हणालो होतो," गंगाराम म्हणाले. ते काहीही म्हणाले नव्हते.

दुसऱ्यांदा सिलिकॉन भरलं. ते फुगलं-आकसलं बरोबर, पण त्यावर रंग धरेना. दुधावरच्या सायीसारखा पापुद्रा निघे, आणि तो काढायला गंगारामांची बोटं तयारच.

शेवटी हार्डवेअरच्या दुकानदाराने प्लास्टिकच्या बंपरला लावायची लवचिक लांबी दिली. आधीचं सगळं खरवडून काढा, कडा तिरक्या कापा, साबणाच्या पाण्याने पुसून नीट सुकवा, मग भरा, असं त्याने सांगितलं. रविवारचा अख्खा दिवस प्रेमला गाडीत वाकून बसल्या. पाठ भरून आली, नखांत काळं गेलं. लांबी भरली, सुकली, पॉलिश पेपरने घासली. डोळ्यांना सपाट दिसे, पण वरून चिकटवायला आणलेला रेक्झिनचा तुकडा ठेवून पाहिला की उंचवटे उठून दिसत. पुन्हा घासायचं, पुन्हा तेच.

गंगाराम दाराला टेकून उभे होते. "वर्तुळात घास. असं सरळ नको."

प्रेमलांनी पेपर खाली आपटला. "तुमच्यामुळे झालंय हे सगळं! केसाएवढी भेग होती. नखाने उकरून उकरून खड्डा केलात. आणि वर मलाच शिकवता?"

गंगाराम दाराचा टेकू सोडून सरळ उभे राहिले. मग म्हणाले, "तिथे बसून हाताला काही कामच नसतं गं. पंचवीस वर्षं याच हातांनी गाडी चालवली."

प्रेमलांचा राग पुरता गेला नव्हता. त्यांनी पेपर उचलला आणि नवऱ्याच्या हातात दिला. "मग घ्या काम. घासा."

गंगाराम आपल्या सीटवर बसले. डोळे मिटले आणि लांबीवरून बोटं फिरवू लागले. "इथे उंच आहे. इथे खळगा, थोडी भर." प्रेमलांना तिथे काहीच दिसत नव्हतं. तरी त्यांनी भरलं. ते घासत राहिले, बोट फिरवत राहिले. मध्ये चहा झाला, तोही गाडीतच. उन्हं उतरताना रेक्झिन ठेवून पाहिलं, तर एकही उंचवटा नव्हता.

"आता लाव," ते म्हणाले. पहिल्यांदाच पुढे काही सूचना आली नाही.

दुसऱ्या दिवशी ग्लोरियाकडून केस वाळवायचं मशीन आणलं. चिकटवायचं सोल्यूशन दोन्हीकडे लावून हाताला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं, मग रेक्झिन गरम करून ताणत बसवायचं. गंगारामांनी ताणून धरलं, प्रेमलांनी दाबलं. कोपऱ्यात एक चुणी राहिली, ती काही केल्या गेली नाही. शेवटी दोघांनीही तिचा नाद सोडला.

मंगळवारी ग्लोरिया मागच्या सीटवर बसली आणि पुढे वाकून बघतच राहिली. "प्रेमलाबाय, नवीन टाकला?"

प्रेमलांनी तोंड उघडायच्या आत गंगाराम म्हणाले, "नवीन कसला? घरीच केला मी. हे काम हातालाच कळतं. घाई करून चालत नाही."

प्रेमलांनी गिअर जरा जोरातच टाकला.

"भाऊ, मग माझ्या सोफ्याचं रेक्झिन पण फाटलंय हो. बघाल का?"

"बघतो की. उद्याच येतो."

"अहो, आणि सामान कोण आणणार?" प्रेमला म्हणाल्या. "माणिकपूरपर्यंत कोण नेणार तुम्हाला?"

"तूच नेशील," गंगाराम म्हणाले. "आणि सोल्यूशन जरा मोठ्या डब्यातलं घे. काल कमी पडलं होतं."

प्रेमलांनी पुढचाही गिअर तसाच जोरात टाकला. मागे ग्लोरिया सोफ्याचं माप हाताने करून दाखवत सांगत होती, आणि गंगाराम मान हलवत ते लक्षपूर्वक ऐकत होते.