आत्याच्या फोटोवरची पदकं

"पदकं किती टाकू?" असं फ्लेक्सवाल्याने विचारलं, आणि मी "शोभतील तेवढी टाका" म्हणालो. सगळा घात तिथेच झाला.

माझी आत्या नगरपालिकेच्या निवडणुकीला उभी होती. आमच्या घराण्यात आजवर कुणी फोटोतसुद्धा पुढच्या रांगेत उभं राहिलेलं नाही, त्यामुळे आम्ही सगळेच जरा हवेत होतो. घरातल्या लग्नपत्रिकांचे मजकूर मी लिहितो, म्हणून प्रचाराच्या मजकुराचं खातं आपोआप माझ्याकडे आलं. आत्या तरुणपणी लष्कराच्या इस्पितळात नर्स होती. तिचा गणवेशातला जुना फोटो मी फ्लेक्सवाल्याकडे नेला. फोटो झकास होता, पण खिशाच्या वरची जागा फार रिकामी वाटत होती. त्या भल्या माणसाने कॉम्प्युटरवर दोन बोटं फिरवली आणि आत्याला एका ओळीत शूरवीर करून टाकलं. खाली मी लिहिलं, 'रणांगणावर मृत्यूशी झुंज देणारी रणरागिणी!' उद्गारचिन्ह फुकट होतं.

फ्लेक्स चौकात लागला आणि दुपारीच एक निवृत्त फौजी त्याच्यासमोर चष्मा पुसत उभे राहिले. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे त्यातलं एक पदक भलत्याच देशाचं होतं आणि एक घोड्यांच्या शर्यतीचं. संध्याकाळपर्यंत ही बातमी विरोधी उमेदवाराकडे पोचली. या गृहस्थांच्या स्वतःच्या फ्लेक्सवर 'थोर समाजसेवक' असं लिहिलेलं होतं. त्याचा पुरावा कुणी मागत नाही, हा त्या पदवीचा मोठा फायदा. रिक्षावर भोंगा लावून त्यांनी गल्लोगल्ली विचारायला सुरुवात केली, "सिस्टरबाई, घोडा कुठे बांधलाय?"

आत्याला सगळी वस्ती 'मिलिटरी सिस्टर' म्हणते. नोकरी संपवून ती इथे आली आणि नगरपालिकेच्या दवाखान्यात लागली. इथल्या निम्म्या मतदारांना तिने लहानपणी सुई टोचली आहे, आणि "रडायचं तर रड, पण हलू नकोस" हे तिचं वाक्य ऐकतच ती पिढी मोठी झाली. पुढे दवाखान्याला कुलूप लागलं. आता म्हाताऱ्या माणसांना साधा रक्तदाब बघायला दोन बस बदलून जावं लागतं. आत्याने अर्ज केले, साहेबांच्या दारात बसली, आणि शेवटी म्हणाली, "किल्ली ज्यांच्या खिशात आहे, त्यांच्याच शेजारी जाऊन बसते." निवडणूक एवढ्याचसाठी होती. आणि आता ती माझ्या घोड्यावर बसून बुडायला निघाली होती.

त्या संध्याकाळी तिच्या स्वयंपाकघरात कार्यकर्त्यांची बैठक बसली. मी मोरीच्या बाजूला, गुन्हेगाराच्या जागी.

"रणरागिणी म्हणे!" आत्या म्हणाली. "अरे, तोफ मी फक्त सिनेमात पाहिलीय. न बघितलेला ताप चार्टवर लिहिलास तू. आमच्याकडे असं केलं तर मेट्रन उभी सोलायची."

"फ्लेक्सवाल्याची चूक म्हणून सांगू," एक कार्यकर्ता म्हणाला. "विषय संपला."

"म्हणजे त्या बिचाऱ्याच्या दुकानावर दगड पडू देत? त्याला सांगणारा हा इथे बसलाय की, चहा पितोय."

मी कप खाली ठेवला.

"मग भाच्याचं नाव सांगा," दुसरा म्हणाला. सख्ख्या माणसाची पंचाईत बघायला लोक किती आतुर असतात! आत्याने माझ्याकडे पाहिलं. रोग्याची शीर सापडत नसली की ती दंडाकडे पाहते, तशी. 

दुसऱ्या दिवशी चौकात सभा होती. गर्दी चिक्कार. मला खात्री आहे, त्यातली अर्धी घोडा बघायला आली होती. आत्या माईकजवळ पोचते न पोचते तोच मागून आरोळी आली, "सिस्टर, पदकं दाखवा!"

"नाहीत," आत्या म्हणाली. "कधीच नव्हती. फोटो माझा, फ्लेक्स माझा, तेव्हा चूकही माझी. सकाळीच उतरवून घेतलाय. पुढे विचारा."

आरोळी ठोकणाऱ्याची तयारी एवढ्यावरच संपली होती. पण पुढे बसलेले ते निवृत्त फौजी उठले. "मग बाई, लढाईच्या वेळी तुम्ही होतात कुठे?"

"लढाईपासून लांब. एका शाळेचं इस्पितळ केलं होतं, तिथे. पाठी पुसत होते."

लोक हसले. आत्या थांबली. हसणं संपेपर्यंत थांबण्याची तिला सवय आहे. सुई बघून हसणारे पुढे काय करतात हे तिने पाहिलेलं आहे.

"कमरेखाली प्लास्टरमध्ये असलेला जवान स्वतः कूस बदलू शकत नाही," ती म्हणाली. "त्याला वळवायचं, पाठ पुसायची, कोरडी करायची आणि चादर ताणायची. चादरीला एक सुरकुती राहिली तरी कातडी सोलवटते, मग सडते. गोळीतून वाचलेला माणूस त्या सुरकुतीने जातो. रात्रंदिवस आम्ही पोरी हेच करायचो. माझ्या खोलीतला एकही जवान सडकी पाठ घेऊन घरी गेला नाही. याचं पदक नसतं. असतं तर घेतलं असतं, मी काही संत नाही!"

ते फौजी बसायचं विसरले होते. तसेच उभे राहून ते हळूच म्हणाले, "माझी पाठ अशाच एका सिस्टरने राखली. नाव विचारायचं राहून गेलं." आणि त्यांनी आत्याला कडक सॅल्यूट ठोकला.  शेजारच्याला मी उगाच सांगत सुटलो, "माझी आत्या आहे. सख्खी!"

आत्या निवडून आली. लोकांनी मतं का दिली ते लोकच जाणोत. काहींनी सुईच्या धाकानेही दिली असतील. पण दवाखान्याची किल्ली तिने नगरपालिकेच्या पहिल्याच सभेत मागितली आणि मिळेपर्यंत त्या सभेला उठू दिलं नाही. दवाखाना उघडला त्या दिवशी ती पदर खोचून तपासणीच्या टेबलावर चादर ताणत होती. मी दुसरं टोक धरलं. अंगात जरा धीर आला होता, म्हणून म्हणालो, "आत्या, खरं सांगू? माझ्या त्या फ्लेक्समुळेच तुझं नाव घरोघरी पोचलं. म्हणजे एका अर्थी, तू माझ्यामुळेच निवडून आलीस."

आत्याने माझ्या बाजूची सुरकुती काढली आणि म्हणाली, "ताप आल्यामुळे माणूस बरा होत नसतो, गाढवा."