जाहिरात न निघालेली जागा

उत्पन्नाच्या दाखल्यासाठी मी तालुक्यातल्या एका सरकारी कार्यालयात गेले होते. तिथं संगणकावर माझ्याच वयाची एक नवी मुलगी बसलेली दिसली. टंकलेखनाच्या दोन्ही परीक्षा पास होऊन मी दोन वर्षं अशाच जागेची वाट पाहत होते. जाहिरातीसाठी रोज पेपर चाळायचे.

मी तिथल्या लिपिकांना विचारलं, "भाऊ, या जागेची जाहिरात कधी आली होती?"

"कंत्राटी जागा हाय. तिला काहून लागते जाहिरात?"

"लागत न्हाई, असं लिहून द्या."

त्यांनी मान खाली घातली आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

वडील देवळात पूजा करत. घरी मी हे सांगितल्यावर ते म्हणाले, "बाई, सरकारशी भांडून कोणाला नोकरी लागली न्हाई."

"नोकरी मागून न्हाई राहिले, बाबा. जागा निघाली एवढं तरी कळावं का न्हाई?"

मी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. महिन्यानं उत्तर आलं : 'सदर जाहिरातीची प्रत अभिलेखात आढळून येत नाही.' तो कागद घेऊन मी हिंगोलीच्या चार खेपा केल्या. चौथ्या खेपेला वरच्या साहेबांची भेट झाली.

"तुम्ही अर्जच केला नव्हता. मग तुमच्यावर अन्याय कसा?"

"साहेब, जागा आहे हेच कोणाला सांगितलं नाही. अर्ज कशाचा करायचा?"

त्यांनी कागद पुन्हा वाचला आणि ठेवून घेतला.

पावसाळा संपता संपता पेपरात त्या जागेची जाहिरात आली. सूचना फलकावरही लागली. परीक्षेला ती संगणकावरची मुलगी माझ्या पुढच्याच बाकावर होती. वळून म्हणाली, "तुमच्यामुळं मला बसल्या जागेची परीक्षा द्यावी लागून राहिली."

तिचा राग मला समजत होता. कुणीतरी बस म्हणालं, ती बसली होती. मी म्हणाले, "मला तर पहिल्यांदाच देता येऊन राहिली."

निकालात मी तिसरी आले, ती पाचवी. जागा मिळाली कळमनुरीकडच्या एका बाईला. यादी पाहायला ती कडेवर लेकरू घेऊन आली होती. कुणाची ओळख होती का, असं कुणीतरी तिला विचारलं.

"न्हाई बा. पेपरात वाचलं अन् अर्ज केला."

मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण त्याच आठवड्यात दुसऱ्या एका कार्यालयात जाहिरातीशिवाय झालेल्या भरतीबद्दल कळलं. मी माहितीचा नवा अर्ज लिहायला घेतला. वडिलांनी शेजारी बसून शुद्धलेखन तपासून दिलं.