भूगर्भातला गर्भ

लीलाधर पितांबर चौधरी यांनी उत्तरायुष्यात आपल्या विषयाचे नाव ‘भूशास्त्र’ असेच सांगितले. ‘भूगर्भशास्त्र’ हा रूढ शब्द कुणी वापरला, तर ते समोरच्याला मध्येच थांबवून त्यातला ‘गर्भ’ वगळायला लावत. अपरिचितांना हा हेकटपणा वाटे. परंतु एका समासातील मधल्या पदाने माणसाची उपजीविका हिरावून घेतल्याचे हे उदाहरण आहे, आणि त्यांचा त्रागा त्या प्रमाणात मला तरी माफकच वाटतो.

लीलाधर हे रावेरच्या केळी पिकवणाऱ्या घरातले. वडील पितांबरभाऊंची इच्छा मुलाने वकील व्हावे किंवा मामलेदार कचेरीत शिरावे, अशी होती. मुलगा मात्र एकोणीसशे तिसाच्या सुमारास काशीच्या विद्यापीठात उपयोजित भूगर्भशास्त्र शिकायला गेला. रावेरात या बातमीचा जो अर्थ लावला गेला, तो तर्काला धरूनच होता. मुलगा काशीला गेला आहे, शास्त्र शिकतो आहे, म्हणजे शास्त्री होऊन येणार. सुटीत ते घरी आले की शेजारी पत्रिका घेऊन ओट्यावर बसत. आपण ग्रह पाहत नाही, दगड पाहतो, असे सांगितल्यावर एकाने बोटातली अंगठी काढून पुढे केली आणि खडा लाभेल का, ते विचारले.

पदवी मिळाल्यावर या विद्येचे पुढे काय करायचे, हा प्रश्न उभा राहिला. कलकत्त्याच्या सरकारी भूसर्वेक्षण खात्यात जागा मोजक्या, आणि त्याही बहुधा विलायतेत शिकून आलेल्यांसाठी. झरियाच्या कोळशाच्या खाणी होत्या, कोलारचे सोने होते, आसामचे तेल होते. पण या प्रत्येक ठिकाणी साहेबाच्या हाताखाली नमुन्यांच्या पिशव्या वाहण्यापासून आरंभ होता. लीलाधर यांनी बालाघाटच्या मँगनीज खाणीत हे काम केले, हिवतापाने खंगले आणि परत आले. त्यांचे म्हणणे असे, की खानदेशाच्या पायाखाली काळा पाषाण आणि तापीकाठचा गाळ यांचे इतके गुंतागुंतीचे थर आहेत, की विहिरीची जागा ठरवण्यासाठी येथेच एका भूशास्त्रज्ञाची कायम गरज आहे. झरियाला जाणाऱ्या आमच्या मुलांनी आधी इथल्या कोरड्या पारोळ्याला जावे, असे ते म्हणत. हे म्हणणे रास्त होते. मात्र ते ऐकायला कुणी तयार नव्हते.

अखेर जळगावच्या काही कापूसव्यापाऱ्यांनी चालवलेल्या एका जलसेवा मंडळाने त्यांना एका हंगामापुरते नेमले. मंडळाचे चिटणीस गिरधर वकील हे सावध गृहस्थ होते. पारोळ्याहून धुळ्याकडे जाताना लागणाऱ्या एका गावात विहिरीची जागा दाखवायची. पाणी लागले तर मंडळ भूशास्त्रज्ञाची कायम जागा निर्माण करील, नाहीतर हा विषय पुन्हा निघणार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. लीलाधर यांच्या दृष्टीने पणाला लागली होती ती एकट्याची नोकरी नव्हती. खानदेशात या विद्येला पहिली खुर्ची मिळते की नाही, हे त्या एका खड्ड्यावर ठरणार होते.

त्या गावाच्या वरच्या अंगाला काळ्या दगडांची एक सरळ रांग होती. गावकरी तिला भीमाचा बांध म्हणत. गावातल्या सगळ्या विहिरी या रांगेच्या खाली, उताराला होत्या आणि होळीपर्यंत कोरड्या पडत. लीलाधर यांनी चार दिवस रानात फिरून ओळखले, की ही रांग म्हणजे जमिनीत खोलवर उभी गेलेली पाषाणाची भिंत आहे. वरून झिरपत येणारे पाणी तिच्याशी अडत होते, गावापर्यंत पोहोचतच नव्हते. विहीर भिंतीच्या वर, चढाच्या बाजूला खणायला हवी होती. त्यांनी तेथे चुन्याने वर्तुळ आखले.

यानंतरची हकिगत लीलाधर सांगत, तेव्हा त्यांचा आवाज आपोआप चढत असे.

चावडीपुढे गाव जमले. मंडळाच्या कारकुनाने ‘हे भूगर्भशास्त्री’ अशी ओळख करून दिली. लीलाधर यांनी एका परातीत माती पसरली, मध्ये कौलाचा तुकडा उभा रोवला, परात तिरपी धरली आणि वरून पाणी ओतले. कौलाच्या वर पाणी साचले, खालची माती कोरडी राहिली. प्रयोग इतका सुबोध होता की कुणी शंका काढू नये. गावचे पोलीस पाटील झुलाल आबा यांनी मान डोलावली, बाकीच्यांनीही डोलावली. मग सुगंधाबाई नावाच्या वयोवृद्ध अक्का पुढे आल्या. त्यांनी गावातली निम्मी बाळंतपणे केली होती. त्यांनी ‘भूगर्भशास्त्री’ हा शब्द लक्षपूर्वक ऐकला होता आणि त्यातला आपल्या अधिकाराचा भाग नेमका उचलला होता.

“भाऊ, तुम्ही जन्मनात कशा? डोकाकडथीन की पायकडथीन?”

लीलाधर यांना प्रश्नाचा रोख कळायला वेळ लागला. पायाकडून जन्मलेले माणूस पायाळू. त्याला जमिनीतले पाणी आणि पुरलेले धन दिसते, त्याचा पाय लागला की पाठीत भरलेली उसण उतरते, आणि वीज त्याला हुडकत येते, ही समजूत त्यांना रावेरातही ऐकून ठाऊक होती. गर्भाचे शास्त्र जाणणारा माणूस गर्भातूनच ते घेऊन आला असणार, असे अक्कांचे अनुमान होते. लीलाधर यांनी ठामपणे सांगितले, की आपण इतर चारचौघांसारखे डोक्याकडूनच जन्मलो आणि ही विद्या काशीला परीक्षा देऊन मिळवली. सभेत नाराजीची कुजबुज पसरली.

झुलाल आबांनी दगडाचे सगळे मान्य करून समजुतीच्या स्वरात निकाल दिला. “तुमनं दगडनं बठ्ठं खरं शे, भाऊ. पन पानी दगडले इचारीसन येत नही.”

चढावर विहीर खणायची तर ती पायाळूच्या शब्दावर, परातीच्या शब्दावर नव्हे, असे ठरले. पुढे कित्येक दिवस कुदळ पडली नाही. लीलाधर रोज परात घेऊन चावडीवर जात. पोरेबाळे जमत, पाणी ओतायला आपला नंबर कधी लागतो म्हणून भांडत. मोठी माणसे पाहत आणि प्रयोग खरा असल्याचे कबूल करून घरी जात.

एके दिवशी झुलाल आबा गावातून नाहीसे झाले आणि परतले ते गुलालाची पुडी घेऊन. त्याच दुपारी चुन्याच्या वर्तुळात नारळ फुटला, वडारांनी खणायला सुरुवात केली. परातीचा परिणाम झाला, अशा समाधानात लीलाधर यांनी काही दिवस काढले. मुरूम संपून भोकाभोकांचा मांजऱ्या दगड लागला, तेव्हा सुरुंग लावण्याच्या गडबडीत त्यांना खरी गोष्ट समजली. आबा थेट रावेरला जाऊन त्यांच्या मातोश्री यशोदाबाई यांना भेटून आले होते, आणि यशोदाबाईंनी मुलगा पायाकडूनच आल्याचे सांगितले होते.

लीलाधर यांनी काम थांबवून सर्वांसमक्ष हे साफ नाकारले. झुलाल आबा कौतुकाने हसले. “तुमले काय याद शे, भाऊ? तवय तुम्ही धाकला व्हतात.”

या युक्तिवादाला कोणत्याही विद्यापीठात उत्तर शिकवत नाहीत. स्वतःच्या जन्माची साक्ष माणूस देऊ शकत नाही, हे तर्कशास्त्राच्या कसोटीवरही खरे होते.

काही दिवसांतच मांजऱ्याच्या खालच्या भेगांतून पाणी उसळले आणि वडारांना अवजारे सोडून वर यावे लागले. भर उन्हाळ्यात चढावरच्या विहिरीला लागलेले ते पाणी म्हणजे लीलाधर यांच्या अनुमानाचा निर्विवाद पुरावा होता. गावाने तो त्यांच्या पायांचा पुरावा मानला. दुसऱ्या दिवसापासून पाठ धरलेली माणसे त्यांच्या बिऱ्हाडासमोर पालथी पडू लागली. आकाशात ढग दिसला की कुणीतरी त्यांना दंडाला धरून घरात नेई आणि बाहेरून कडी लावी. लाथ मारायला त्यांनी नकार दिला, तर भाऊंना गर्व झाला, अशी बोलवा उठली. एकदा संतापाच्या भरात त्यांनी एका माणसाला खरोखरच लाथ मारली. त्याची उसण उतरली.

मंडळाच्या बैठकीत त्यांनी भिंतीचा नकाशा मांडला आणि थरांचे वर्णन वाचून दाखवले. सभासदांनी ते शांतपणे ऐकले. नंतर गिरधर वकिलांनी गावकऱ्यांची कैफियत वाचली. मंडळाने ठरावही केला, आणि त्यात कृतज्ञतेची भाषा भरपूर होती. पाणी लागलेच होते. पण ज्या गुणामुळे ते लागले, तो जन्मतः मिळतो, त्यासाठी कायम पगारी जागा कशाला? प्रत्येक तालुक्यातून एकेक पायाळू शोधून त्यांचा मानपानाने उपयोग करून घ्यावा, असे ठरले. यादीत पहिले नाव लीलाधर यांचे घालण्याची सूचना आली, ती त्यांनी उभे राहून फेटाळली.

“पायाळूला भीमाच्या बांधाखाली पाणी दाखवायला सांगा,” ते म्हणाले. “मी सांगतो, तिथे मिळणार नाही.”

“तोही हेच सांगेल,” गिरधर वकील म्हणाले. “मग तुमच्यात नि त्याच्यात फरक कोणता?”

लीलाधर यांनी नकाशाची गुंडाळी केली आणि रावेरची गाडी धरली. घरी यशोदाबाई केळीची पाने पुसत होत्या. मुलाने जे काही सुनावले, ते त्यांनी हातचे काम न थांबवता ऐकून घेतले. एका वाक्याने तुम्ही माझे शास्त्र बुडवलेत, असा त्याचा मथितार्थ होता.

यशोदाबाई म्हणाल्या, “त्याहिले तुह्या दगडाचं समजलं नाही, पायाचं समजलं. तूच म्हने ना, तिठी पानी हाये? मंग खनलं त्याहिनं. माहं काय चुकलं?”

लीलाधर यांच्यापाशी याचे उत्तर होते, आणि ते चांगले लांबलचक होते. त्यांनी ते अर्धे सांगितले. मग पुन्हा बालाघाटच्या खाणीला अर्ज केला आणि ते निघून गेले. पुढची सगळी नोकरी त्यांनी मँगनीजमध्येच काढली. खानदेशातून भूशास्त्र शिकायला निघालेली त्यानंतरची मुलेही, माझ्या माहितीप्रमाणे, झरियालाच गेली.

मंडळाने पायाळूंच्या शब्दावर पहूरच्या बाजूला आणि नशिराबादेस खड्डे खणले. ते कोरडे गेल्यावर गिरधर वकिलांचे पत्र बालाघाटला आले. नकाशाची किंवा अहवालाची त्यात मागणी नव्हती. मिळालेले पायाळू अस्सल नसावेत, अशी शंका मंडळाला आली होती, आणि मातोश्रींच्या माहितीत खात्रीचा कुणी असल्यास कळवावे, अशी विनंती होती. लीलाधर यांनी या पत्राला उत्तर दिले नाही. तसेच एक पत्र परस्पर रावेरलाही गेले होते. यशोदाबाईंनी शेजाऱ्याकडून लिहवून उलट टपाली दोन नावे कळवली.