मामांच्या जागी

हैदराबादच्या पोलीस ॲक्शनला काही वर्षं झाली होती. मी जालन्यात सरकारी डॉक्टर होतो आणि माझ्यामागे एक लचांड लागलं होतं: देशभरातल्या पुरुषांच्या आणि मुलांच्या प्रकृतीचा अभ्यास. तेच पुरुष, तीच मुलं, दर वर्षी तपासायची, वीस वर्षं. आराखडा पक्का करण्याआधी तो एका गावात करून बघायचा होता. दिल्लीहून आलेल्या साहेबांना मी टेंभुर्णी सुचवली. माझं आजोळ तिथलं, लोक ऐकतील असं वाटलं.

लोकांनी जरा जास्तच ऐकलं.

चिठ्ठ्या टाकून नावं काढायची आणि त्या माणसांना चावडीवर बोलवायचं, असं साहेबांनी ठरवलं होतं. मी म्हटलं, चावडी नको, घरोघर जाऊ. बैलबाजारात लंगडा बैल कुणी पुढे करत नाही. सरकार बघायला आलं की गावही आपली धडधाकट माणसंच पुढे करतं. साहेब म्हणाले, अभ्यास पुरुषांचा आहे, घरांचा नाही. हे वाक्य त्यांना इतकं आवडलं की ते त्यांनी पाटलांनाही ऐकवलं.

शाळेतल्या पोरांचं काम सुरळीत झालं. मग मोठ्यांच्या चिठ्ठ्यांत माझ्या मामांचं नाव निघालं. नाव पुकारलं आणि मामांचा शेजारी, तालमीतला गडी, सदरा काढून वजनकाट्यावर उभा राहिला. भाचा आता काय करतो म्हणून सगळी चावडी माझ्याकडे बघत होती. हे माझे मामा नव्हेत, असं मी साहेबांना तिथंच सांगितलं. त्यांनी घड्याळ पाहिलं. चिठ्ठीला माणूस आला ना, मग पुढे चला, म्हणाले. माझं डोकं फिरलं. मी तसाच उठून मामांच्या घरी गेलो.

मामा आतल्या खोलीत कापसाच्या ढिगाला टेकून बसले होते. पाठीला कान लावल्यावर फार शोधावं लागलं नाही. क्षय. आता त्यावर सुया निघाल्यात, बाहेर जीप उभी आहे, आत्ता चला, असं मी म्हणालो.

"पोरीची सोयरीक जमून राह्यली," मामा म्हणाले. "घरात क्षय हाय म्हणल्यावर तिला कोण करून घेईन? वैशाखात लगीन होऊ दे, मंग टोच किती टोचायचं ते."

घरी येऊन टोचतो म्हटलं, तर डॉक्टर रोज कशाला येतो हे गाव विचारील, म्हणाले. मी ओरडलो, अगदी नको ते बोललो. मामी चहाचा कप घेऊन दारातच थांबली. तो चहा मी घेतला नाही.

परत आल्यावर साहेबांना लिहिलं की घरोघर गेल्याशिवाय हा अभ्यास फुकट आहे. गावाची प्रकृती उत्तम आढळली, असं उत्तर आलं. लग्न थाटात झालं. दुसऱ्याच दिवशी मामा बैलगाडीतून जालन्याला आले, शब्द पाळायला आल्यासारखे. मी सुया दिल्या. पण तोवर छातीत काही उरलं नव्हतं. पोळ्याच्या आत मामा गेले. मला रडू आलं, पण त्याहून जास्त राग आला, आणि तो काढायला समोर माणूस नव्हता.

पुढच्या हिवाळ्यात साहेब दुसऱ्या फेरीला आले. मामा वारल्याचं मी आधीच कळवलं होतं, तरी दिल्लीहून नावं जशीच्या तशी आली. चावडीवर मामांचं नाव पुकारलं गेलं. शेजारी उठला, सदरा काढला आणि काट्यावर उभा राहिला.

मी त्याचा दंड धरला. मामांना खांदा तूच दिलास ना, असं विचारलं.

"दिला ना," तो हळूच म्हणाला. "पर तुमचं काम वीस वर्षांचं हाय म्हणले होते. मामा न्हाईत म्हणून तुमचा खोळंबा कशाला? मी येत जाईन बराबर."

तो हे इतक्या मायेनं बोलला की मी त्याचा दंड सोडला. तेवढ्यात साहेब काट्यावर वाकले आणि खूश होऊन मला म्हणाले, हा माणूस गेल्या वर्षीपेक्षा चांगलाच सुधारलाय.